बिनतारी दिवा : प्रकाशाचे विज्ञान आणि ऊर्जा-समतेचा प्रश्न

दिवस मावळल्यानंतरचे दोन-तीन तास हे विद्यार्थ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असतात. शेतीची व घरातील कामे आटोपून मुले वही-पुस्तक घेऊन बसतात ती याच वेळी. या दोन-तीन तासांना पुरेसा, स्वच्छ व खात्रीचा प्रकाश मिळणे किंवा न मिळणे यावर कित्येक मुलामुलींच्या शिक्षणाची दिशा ठरत आली आहे. चिमणी, कंदील, पेट्रोमॅक्स, विजेरी, सौर कंदील आणि आता बोटाच्या स्पर्शाने उजळणारा, तारेविना चालणारा घरगुती दिवा असा हातात घेऊन फिरवता येणाऱ्या प्रकाशाचा प्रवास झाला आहे. वरवर पाहता ही एक साधी गृहोपयोगी वस्तू आहे. तथापि, अर्धवाहक भौतिकी, विद्युत-रसायनशास्त्र, ग्रामीण विद्युतीकरण, अनुदान-धोरण, स्त्रियांचा रोजगार आणि घातक कचऱ्याचे व्यवस्थापन असे अनेक विषय या एका वस्तूत एकत्र येतात. म्हणूनच स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासकांनी तिच्याकडे बारकाईने पाहणे उपयुक्त ठरते.

काळोखाचे आकडे

घरात उजेडासाठी मुख्यतः कोणते साधन वापरले जाते, याची नोंद जनगणनेत केली जाते. २००१ च्या जनगणनेनुसार देशातील ५५.८ टक्के कुटुंबे विजेचा, तर ४३.३ टक्के कुटुंबे रॉकेलचा वापर प्रकाशासाठी करीत होती. ग्रामीण भागात हे चित्र उलटे होते. तेथे विजेवर अवलंबून असलेली कुटुंबे ४३.५ टक्के आणि रॉकेलवर अवलंबून असलेली कुटुंबे ५५.६ टक्के होती. २०११ मध्ये देशपातळीवर विजेचे प्रमाण सुमारे ६७ टक्क्यांपर्यंत वाढले, परंतु ३१.४ टक्के कुटुंबे अद्याप रॉकेलच्याच उजेडात होती. प्रादेशिक विषमता त्याहून बोलकी होती. बिहारमध्ये २०११ साली विजेचा दिवा लावणारी कुटुंबे केवळ १६.४ टक्के होती. सौरऊर्जेवर दिवा लावणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण देशभरात अवघे ०.४ टक्के होते.

या आकड्यांतही एक मर्यादा आहे. घरात विजेची जोडणी असणे आणि संध्याकाळी दिवा प्रत्यक्ष लागणे या दोन भिन्न बाबी होत. महाराष्ट्रासारख्या औद्योगिकदृष्ट्या पुढारलेल्या राज्यातही २००० नंतरच्या दशकात ग्रामीण भागाने प्रदीर्घ भारनियमन अनुभवले. जनगणनेच्या रकान्यात 'वीज' अशी नोंद असलेल्या घरांतही त्या काळात कंदिलाची काच रोज पुसली जात होती.

रॉकेलच्या उजेडाची किंमत

रॉकेलचा दिवा स्वस्त असतो, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. उघड्या वातीची चिमणी साधारणतः दहा ल्युमेनच्या आसपास प्रकाश देते. साठ वॉटचा जुना तप्त-तंतूचा बल्ब सातशेहून अधिक ल्युमेन देत असे, हे लक्षात घेतले म्हणजे चिमणीच्या उजेडाची तोकडी मजल स्पष्ट होते. इंधनातील ऊर्जेचा फारच अल्प अंश प्रकाशात रूपांतरित होतो आणि उरलेली ऊर्जा उष्णता व काजळीच्या रूपाने बाहेर पडते.

एक लिटर रॉकेल जळाल्यावर सुमारे अडीच किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात मिसळतो. काजळीचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, साध्या वातीच्या दिव्यात जळणाऱ्या रॉकेलपैकी ७ ते ९ टक्के भाग कृष्ण कार्बनाच्या सूक्ष्म कणांत रूपांतरित होतो. हे कण सूर्याची उष्णता शोषून घेतात. म्हणून हवामान-बदलाच्या दृष्टीने ते घातक ठरतातच, शिवाय दिव्याजवळ वाकून वाचणाऱ्या मुलाच्या श्वसनमार्गातही ते थेट प्रवेश करतात. चिमणी कलंडून झोपडीला आग लागणे, कपड्याने पेट घेणे, लहान मुलाने चुकून रॉकेल पिणे हे धोके वेगळेच.

आर्थिक बाजूही विचारात घ्यावी लागते. सार्वजनिक वितरण व्यवस्थेतील रॉकेलवर दीर्घकाळ अनुदान दिले गेले. गरिबाच्या घरी दिवा लागावा हा त्यामागील हेतू होता. परंतु स्वस्त रॉकेल डिझेलमध्ये भेसळीसाठी वळवले जाण्याची समस्या कायम राहिली. ते ओळखू यावे म्हणून त्यात निळा रंग मिसळला जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये झारखंड राज्यात रॉकेलचे अनुदान थेट लाभार्थ्यांच्या खात्यात जमा करण्यास प्रारंभ झाला. पुढे किंमत टप्प्याटप्प्याने वाढवत नेऊन २०२० पर्यंत केंद्राचे हे अनुदान संपुष्टात आणले गेले. अनुदान इंधनावर द्यावे की साधनावर, हा धोरणात्मक प्रश्न या अनुभवातून पुढे आला. इंधनावरील अनुदान दरवर्षी द्यावे लागते आणि त्याला गळती लागते. दिव्यासारख्या टिकाऊ साधनावरील अनुदान एकदाच द्यावे लागते. मात्र ते साधन टिकले तरच तो खर्च सार्थकी लागतो.

बिनतारी स्पर्शदिव्याची अंगे

आजच्या सुवाह्य दिव्याची चार मुख्य अंगे आहेत : प्रकाशस्रोत, बॅटरी, नियंत्रण-मंडल आणि ऊर्जा भरण्याची सोय.

(१) प्रकाशस्रोत : प्रकाश-उत्सर्जक डायोड, म्हणजेच एलईडी, हा अर्धवाहकांपासून बनलेला असतो. त्यातील इलेक्ट्रॉन व 'विवर' यांचा संयोग झाला की मुक्त होणारी ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. तंतू तापवून प्रकाश मिळवण्याची गरज उरत नाही, त्यामुळे ऊर्जेचा अपव्यय कमी होतो. दृश्य लाल प्रकाश देणारा डायोड निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये तयार केला. पांढऱ्या प्रकाशासाठी मात्र निळ्या डायोडची आवश्यकता होती आणि तो तयार होण्यास आणखी सुमारे तीन दशके लागली. गॅलियम नायट्राइडचे उत्तम दर्जाचे स्फटिक तयार करून हा प्रश्न सोडवणारे इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. निळ्या डायोडवर पिवळा प्रकाश देणाऱ्या प्रस्फुरकाचा थर दिला की दोहोंच्या मिश्रणातून डोळ्यांना पांढरा भासणारा प्रकाश मिळतो. तप्त-तंतूचा बल्ब एका वॉटमागे साधारण १२ ते १५ ल्युमेन, तर सीएफएल ५० ते ६० ल्युमेन देतो. चांगल्या प्रतीचा एलईडी शंभर ल्युमेनचा टप्पा सहज गाठतो.

(२) बॅटरी : दिव्याला तारेपासून मुक्त करणारे खरे अंग हेच होय. आरंभीच्या सौर कंदिलांत शिसे-आम्ल बॅटरी असे. ती स्वस्त पण जड होती आणि पूर्णपणे रिकामी होऊ दिल्यास लवकर निकामी होत असे. निकेल-कॅडमियम घट हलके असले तरी कॅडमियम विषारी आहे. त्यानंतर निकेल-धातू हायड्राइड आणि लिथियम-आयन हे प्रकार वापरात आले. लिथियम-आयन बॅटरीच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सामान्य लिथियम-आयन घटाचा विद्युतदाब सुमारे ३.७ व्होल्ट, तर पांढऱ्या एलईडीला लागणारा दाब सुमारे ३ व्होल्ट असतो. या जुळणीमुळे एकाच घटावर दिवा चालू शकतो आणि त्याचा आकार व वजन दोन्ही घटतात. मात्र हा घट सुमारे ४.२ व्होल्टपेक्षा अधिक भरला जाणे किंवा ठरावीक मर्यादेखाली रिकामा होणे, दोन्ही अपायकारक असते. त्यामुळे संरक्षक मंडल अनिवार्य ठरते.

(३) स्पर्श-नियंत्रण : स्पर्शाने दिवा लागणे यात चमत्कार काही नाही, त्यामागे धारितेचे तत्त्व आहे. दिव्याच्या प्लॅस्टिकच्या आवरणाखाली धातूची एक लहान पट्टी बसवलेली असते. सूक्ष्म-नियंत्रक ही पट्टी सतत विद्युतभारित व भाररहित करून त्यासाठी लागणारा काळ मोजत राहतो. मानवी शरीर विद्युतवाहक असल्याने बोट जवळ येताच पट्टीची धारिता काही पिकोफॅरडने वाढते, मोजलेला काळ बदलतो आणि नियंत्रक तो बदल 'आज्ञा' म्हणून ओळखतो. बोट आणि धातू यांचा प्रत्यक्ष संपर्क आवश्यक नसतो. म्हणूनच आवरण पूर्णपणे बंद ठेवता येते. यांत्रिक बटणाच्या फटीतून शिरणारी धूळ व दमट हवेने गंजणारे संपर्कबिंदू हे दोष यात टळतात. वृद्धांना, बोटांत ताकद कमी असलेल्यांना आणि अंधारात चाचपडणाऱ्यांना हा दिवा सोयीचा पडतो.

पुन्हा पुन्हा स्पर्श केल्यावर उजेड कमी-जास्त होतो तो स्पंद-रुंदी नियमनामुळे. नियंत्रक एलईडीला सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो. डोळ्यांना ही उघडझाप जाणवत नाही. चालू असण्याचा काळ जितका कमी, तितका उजेड मंद भासतो. उजेड निम्मा केला की बॅटरी जवळपास दुप्पट काळ पुरते. या सोयीची एक किंमतही आहे. स्पर्शाची वाट पाहत असताना नियंत्रक जागा असतो व अत्यल्प वीज वापरत राहतो. अनेक महिने न वापरता ठेवलेला दिवा म्हणूनच रिकामा आढळतो. आवरणावर पाणी साचल्यास दिवा आपोआप लागण्याची शक्यताही असते.

(४) ऊर्जा भरणे : दिवा घरातील विजेवर, पाच व्होल्टच्या साध्या चार्जरवर किंवा सौर पट्टीवर भरता येतो. सिलिकॉनचा व्यवहारोपयोगी सौरघट १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सादर झाला. भारताच्या बहुतांश भागात प्रतिदिन प्रति चौरस मीटर ४ ते ७ किलोवॉट-तास सौरऊर्जा उपलब्ध होते, हा या तंत्राचा नैसर्गिक आधार आहे.

एका दिव्याचा हिशेब

तत्त्वे समजली तरी परीक्षेत व व्यवहारात आकडेमोड महत्त्वाची ठरते. एका बिनतारी दिव्यात ३.७ व्होल्टचा, २००० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा एक घट आहे असे मानू. त्याची ऊर्जा ३.७ × २ = ७.४ वॉट-तास होते. एलईडी एक वॉटचा असल्यास, मंडलातील घट वजा जाता, दिवा पूर्ण उजेडावर साडेसहा तासांच्या आसपास चालेल. रिकामा घट पुन्हा भरताना होणारा अपव्यय धरून दररोज सुमारे १० वॉट-तास ऊर्जा पुरवावी लागेल. दिवसाला पाच तास पूर्ण क्षमतेचे ऊन गृहीत धरल्यास यासाठी दोन वॉटची सौर पट्टी पुरेशी ठरते. दिवा घरातील विजेवर भरला, तर वर्षभरात १० × ३६५ = ३,६५० वॉट-तास, म्हणजे केवळ ३.६५ युनिट वीज लागेल. याउलट साठ वॉटचा बल्ब रोज चार तास लावल्यास वर्षाला ८७.६ युनिट लागतात.

ही तुलना अर्थातच सरळ नाही, कारण बल्ब संपूर्ण खोली उजळतो. वाचनासाठी मात्र खोलीपेक्षा पुस्तकाच्या पानावर किती प्रकाश पडतो हे महत्त्वाचे असते. ल्युमेन हे स्रोतातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचे, तर लक्स हे प्रति चौरस मीटर पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक आहे. शंभर ल्युमेन प्रकाश अर्ध्या चौरस मीटरवर केंद्रित केल्यास २०० लक्स मिळतात आणि एवढा उजेड वाचनास चालतो. छताला टांगलेल्या दिव्यापासून अंतर वाढत जाते तसा पानावरचा उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. पुस्तकाजवळ नेता येणारा लहान दिवा थोड्या ऊर्जेत अधिक उपयोगी का ठरतो, याचे उत्तर या साध्या नियमात आहे.

या प्रगतीचे मोजमाप जुन्या सौर कंदिलाशी तुलना केली की होते. शासकीय कार्यक्रमांतून दिल्या गेलेल्या प्रमाणित कंदिलात १० वॉटची सौर पट्टी, १२ व्होल्ट-७ अँपिअर-तासाची शिसे-आम्ल बॅटरी आणि ७ वॉटचा सीएफएल असे. त्याच्या बॅटरीचेच वजन दोन किलोंहून अधिक होते. आता तेवढा प्रकाश सीएफएलच्या निम्म्या विजेत मिळतो आणि दिवा तळहातावर मावतो.

धोरणांचा प्रवास

अपारंपरिक ऊर्जेसाठी केंद्र शासनाने १९८२ मध्ये स्वतंत्र विभाग आणि १९९२ मध्ये स्वतंत्र मंत्रालय स्थापन केले. २००६ पासून ते 'नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय' या नावाने ओळखले जाते. सौर कंदील व घरगुती सौर दिवे यांचा प्रसार हा त्याच्या कार्यक्रमांचा भाग राहिला. जानेवारी २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर अभियानात २०२२ पर्यंत २०,००० मेगावॉट वीजनिर्मितीबरोबरच ग्रामीण भागात २ कोटी सौर प्रकाशसंच पोहोचवण्याचे उद्दिष्ट होते. वीजनिर्मितीचे उद्दिष्ट २०१५ मध्ये एक लाख मेगावॉटपर्यंत वाढवण्यात आले.

दुसरीकडे विद्युतजाळ्याचा विस्तार चालू होता. २००४ मध्ये 'विद्युतीकृत गाव' या संज्ञेची नवी व्याख्या स्वीकारली गेली. तीनुसार वस्तीत, तसेच दलित वस्तीत वितरणाच्या मूलभूत सुविधा असणे. शाळा, पंचायत कार्यालय, आरोग्य केंद्र अशा सार्वजनिक ठिकाणी वीज असणे. आणि किमान १० टक्के घरांना जोडणी असणे या अटी पूर्ण कराव्या लागत. याचाच अर्थ, नव्वद टक्के घरे अंधारात असूनही गाव विद्युतीकृत ठरू शकत होते. एप्रिल २००५ मध्ये राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना सुरू झाली. २००६ च्या ग्रामीण विद्युतीकरण धोरणात प्रत्येक कुटुंबाला २०१२ पर्यंत दररोज किमान एक युनिट वीज देण्याचे ध्येय मांडण्यात आले. २०१४ मध्ये दीनदयाळ उपाध्याय ग्राम ज्योती योजना आली. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लेइसांग हे गाव राष्ट्रीय विद्युतजाळ्याला जोडले गेले आणि देशातील सर्व वसलेल्या गावांचे विद्युतीकरण पूर्ण झाल्याचे घोषित करण्यात आले.

गावाकडून घराकडे वळणारा टप्पा म्हणजे सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेली 'सौभाग्य' योजना. सामाजिक-आर्थिक व जातनिहाय जनगणना २०११ नुसार पात्र ठरलेल्या गरीब कुटुंबांना मोफत, तर इतरांना ५०० रुपयांत, तेही दहा हप्त्यांत, जोडणी देण्याची तरतूद तीत होती. मार्च २०२२ पर्यंत या योजनेखाली २.८६ कोटी घरांना वीज पोहोचली. जेथे तारा नेणे शक्य नव्हते अशा दुर्गम घरांसाठी पाच एलईडी दिवे, एक पंखा व एक विद्युत-जोड असलेला २०० ते ३०० वॉटचा सौर संच आणि पाच वर्षांची देखभाल यांची तरतूद होती. ५ जानेवारी २०१५ रोजी आरंभ झालेल्या 'उजाला' कार्यक्रमात ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वितरित झाले. एकत्रित मागणीमुळे बल्बची खरेदी-किंमत २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरली. सार्वजनिक खरेदीतून तंत्रज्ञान स्वस्त कसे करता येते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

विद्यार्थ्यांसाठीही स्वतंत्र योजना आखण्यात आली. २०१६-१७ मध्ये आसाम, बिहार, झारखंड, ओडिशा व उत्तर प्रदेश या पाच राज्यांत ७० लाख सौर अभ्यासदिवे देण्याचा कार्यक्रम मंजूर झाला. जेथे निम्म्याहून अधिक घरे रॉकेलवर अवलंबून होती असे तालुके त्यासाठी निवडण्यात आले. विद्यार्थ्याने केवळ १०० रुपये द्यावयाचे होते आणि उर्वरित खर्च शासन उचलणार होते. आयआयटी मुंबई व एनर्जी एफिशिएन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या संस्थांकडे त्याची अंमलबजावणी होती.

वाटप की व्यवस्था?

अनुदानित वस्तू वाटल्या की उद्दिष्ट साध्य होते, असे नाही. बॅटरी निकामी झाली, एखादी तार तुटली किंवा आवरण फुटले, आणि दुरुस्ती करणारा जवळपास नसला, तर कुटुंब पुन्हा चिमणीकडे वळते. दिवा वाटल्याची नोंद कागदावर राहते आणि घरात काजळी परतते. ही अडचण ओळखून देशात विविध प्रयोग झाले.

राजस्थानमधील तिलोनिया येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या बेअरफूट कॉलेजने अल्पशिक्षित व निरक्षर स्त्रियांना सौर दिव्यांची जुळणी व दुरुस्ती शिकवली. औपचारिक पदवीशिवायही तांत्रिक कौशल्य आत्मसात करता येते, हे या प्रयोगाने दाखवून दिले. टेरी या संस्थेने २००८ मध्ये हाती घेतलेल्या 'लायटिंग अ बिलियन लाइव्हज' उपक्रमात गावात एक सौर केंद्र उभारून तेथे भरलेले कंदील रोज भाड्याने देण्याची पद्धत अवलंबिली. कुटुंबाला एकरकमी किंमत मोजावी लागत नाही आणि देखभालीची जबाबदारी केंद्रचालकाकडे राहते, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य. कर्नाटकात हरीश हांडे यांनी सहसंस्थापित केलेल्या सेल्को या संस्थेने ग्राहकाच्या उत्पन्नाच्या लयीनुसार बँकेच्या हप्त्यांची रचना आणि घरपोच सेवा यांवर भर दिला. हांडे यांना २०११ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार प्राप्त झाला.

आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने मध्य प्रदेश, महाराष्ट्र, राजस्थान व ओडिशा या राज्यांत दहा लाख अभ्यासदिव्यांचा कार्यक्रम राबवला गेला. त्यात दिव्यांची जुळणी, विक्री व दुरुस्ती ही तिन्ही कामे स्थानिक लोकांनाच शिकवण्यात आली. दिवा गावात जोडला गेला असेल तर तो गावातच उघडता व दुरुस्त करता येतो, हे त्यामागील सूत्र. पुढे राजस्थानच्या डुंगरपूर जिल्ह्यात आदिवासी स्त्रियांनी दिव्यांच्या जुळणीपासून सौर पट्ट्यांच्या निर्मितीपर्यंत मजल मारली. लाभार्थी ते उत्पादक हा बदल विकासाच्या अभ्यासात विशेष लक्षणीय मानावा लागेल.

या दृष्टीने बाजारातील पूर्णपणे चिकटवून बंद केलेल्या स्पर्शदिव्याकडे पाहिले असता एक विरोध दिसतो. धूळ-पाण्यापासून बचाव करणारे बंद आवरणच दुरुस्तीला अडसर ठरते. घट बदलता येत नसेल तर एका स्वस्त भागासाठी संपूर्ण दिवा टाकून द्यावा लागतो. पेचाने उघडणारे आवरण आणि सहज मिळणारा प्रमाणित घट या दोन बाबींचा आग्रह ग्राहकांनी व शासकीय खरेदीदारांनी धरला, तर हा विरोध बऱ्याच अंशी मिटू शकतो.

जोडणीनंतर दिव्याचे स्थान

घरोघर वीज पोहोचल्यानंतर सुवाह्य दिव्याची गरज संपली काय? याचे उत्तर दोन पातळ्यांवर द्यावे लागते. पहिली पातळी पुरवठ्याच्या विश्वासार्हतेची. वीज (ग्राहक हक्क) नियम, २०२० नुसार सर्व ग्राहकांना चोवीस तास पुरवठा करणे ही वितरण कंपन्यांची जबाबदारी आहे. तरीही वादळ, पूर, रोहित्रातील बिघाड यांमुळे वीज खंडित होतेच. अशा वेळी वाचन न थांबवता चालू ठेवणारा, प्रसूतीच्या किंवा आजारपणाच्या रात्री कामी येणारा दिवा घरात असणे ही चैन नसून सुरक्षिततेची तरतूद आहे. चक्रीवादळानंतर दिवसेंदिवस वीज नसलेल्या किनारी गावांत तर सौर पट्टी जोडलेला दिवा प्रकाशाचे एकमेव साधन ठरू शकतो.

दुसरी पातळी अधिक मूलभूत आहे : एक दिवा म्हणजे ऊर्जा-समता नव्हे. २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी सातवे उद्दिष्ट २०३० पर्यंत सर्वांना परवडणारी, विश्वासार्ह व आधुनिक ऊर्जा मिळावी असे सांगते. विद्युत-उपलब्धता मोजण्याच्या जागतिक बँकेच्या बहुस्तरीय चौकटीत अगदी पहिल्या स्तरासाठीही कुटुंबाला दररोज किमान १२ वॉट-तास ऊर्जा किंवा १,००० ल्युमेन-तास प्रकाश, तसेच भ्रमणध्वनी भरण्याची सोय अपेक्षित आहे. वर हिशेब केलेला दिवा १०० ल्युमेनने साडेसहा तास चालला तरी ६५० ल्युमेन-तासच देतो. म्हणजे असा एक दिवा संपूर्ण कुटुंबाला या शिडीच्या पहिल्या पायरीवरही नेत नाही. पंखा, पाणी उपसणारा पंप, पिठाची गिरणी, शीतकपाट या गरजा त्याच्या कक्षेबाहेरच राहतात. दिवा देऊन जोडणी लांबणीवर टाकणे हे त्यामुळे अन्यायकारक ठरेल. त्याचप्रमाणे जोडणी दिली म्हणून दिव्याची गरज नाकारणेही वास्तवाला धरून होणार नाही.

घरातील समतेचा मुद्दाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. एकच चिमणी असलेल्या घरात ती आधी चुलीजवळ जाते. भावंडांत वाटणी होते तेव्हा मुलीच्या वाट्याला अनेकदा घरकामानंतरचा, उरलेला उजेड येतो. उचलून नेता येणारा दुसरा दिवा घरात आला की स्वयंपाक आणि अभ्यास एकाच वेळी होऊ शकतात. सार्वजनिक खर्चाचा लाभ कुटुंबात नेमका कोणाला मिळतो, हे तपासण्याची दृष्टी अशा लहान उदाहरणांतूनच तयार होते.

कचऱ्याची जबाबदारी

प्रत्येक बिनतारी दिव्याच्या आयुष्याच्या शेवटी एक निकामी घट उरतो. लिथियम घट कचऱ्यात चिरडला गेल्यास आग लागू शकते. शिसे व कॅडमियम माती-पाण्यात मिसळल्यास दीर्घकालीन विषबाधा संभवते. बॅटऱ्यांविषयीचे २००१ चे नियम शिसे-आम्ल बॅटऱ्यांपुरतेच मर्यादित होते. त्यांच्या जागी आलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ ने सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांना कक्षेत घेतले. विस्तारित उत्पादक जबाबदारीच्या तत्त्वानुसार निकामी बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचे पुनर्चक्रण करणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. दिव्यातील इतर इलेक्ट्रॉनिक भागांसाठी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेले ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ लागू होतात. नियमांची ही साखळी शहरातील संकलन केंद्रापाशी न थांबता आठवडी बाजारापर्यंत पोहोचणे, हे पुढील आव्हान आहे. जेथे दुरुस्ती केंद्र आहे तेथेच जुना घट परत घेण्याची सोय केल्यास सेवा व संकलन दोन्ही एकाच ठिकाणी साधता येतील.

समारोप

बिनतारी दिव्याच्या अभ्यासातून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, तंत्रज्ञानातील कार्यक्षमता गरिबांसाठी थेट अर्थपूर्ण असते. ज्या प्रकाशासाठी पूर्वी दोन किलोंहून जड बॅटरी लागत होती तो आता तळहातावर मावतो. दुसरा, वस्तू पोहोचवणे हा विकासाचा आरंभ असतो; दुरुस्ती, वित्तपुरवठा आणि स्थानिक कौशल्य यांशिवाय तो टिकत नाही. तिसरा, लहान साधन मोठ्या हक्काचा पर्याय होऊ शकत नाही. उत्तरलेखन करताना विद्यार्थ्यांनी योजनांची नावे व वर्षे यांबरोबर हे तीन धागे जोडून दाखवल्यास विवेचनाला वजन प्राप्त होईल.

पुढील प्रश्न सरावासाठी उपयुक्त ठरतील : 'विद्युतीकृत गाव' व 'विद्युतीकृत घर' यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा. इंधनावरील अनुदान व साधनावरील अनुदान यांची तुलना करा. पांढऱ्या एलईडीच्या निर्मितीत निळ्या डायोडचे महत्त्व विशद करा. ३.२ व्होल्ट व ३००० मिलिअँपिअर-तासाच्या घटावर दीड वॉटचा दिवा किती वेळ चालेल, याचा अपव्यय न धरता हिशेब करा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सहा तास चोवीस मिनिटे आहे. एका विद्यार्थ्याच्या संध्याकाळच्या अभ्यासाला हा वेळ पुरून उरतो.